ताण संपला तरी मेंदूत काय उरते?

बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेत सुमंत्र चटर्जी यांनी ताण आणि मेंदूवर जे काम केले, त्याबद्दल आलेल्या पत्रांतील काही प्रश्न.

प्रश्न: ताणाने मेंदू आकसतो, असे वाचले. हे खरे का?

अर्धेच खरे आहे. चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना रोज 2 तास, सलग 10 दिवस, हालचाल करता येणार नाही असे जखडून ठेवले होते. स्मृतीचे काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये, त्यातही सीए3 या पट्ट्यात, मेंदूपेशींच्या फांद्या आखूड आणि विरळ झाल्या. भीतीचे केंद्र असलेल्या अमिग्डालात मात्र त्याच ताणाने फांद्या वाढल्या. 2004 च्या पुढच्या कामात उंदरांना ताणानंतर 21 दिवस विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, पण अमिग्डालातली वाढ तशीच राहिली आणि उंदरांची चिंताही. म्हणून सुट्टीनंतर स्मरणशक्ती सुधारली, तेवढ्यावरून ताणाचा सगळा परिणाम ओसरला असे धरू नये.

फांद्या मोजायला गोल्गी या शास्त्रज्ञाची पेशी रंगवण्याची जुनी पद्धत वापरतात. तिच्यात पेशींचा अगदी थोडा हिस्साच रंगतो. सगळ्या रंगल्या असत्या तर फांद्यांचा गुंता झाला असता. मोजणाऱ्याला नमुन्याची कोणती काच ताण दिलेल्या उंदराची आहे हे कळू द्यायचे नसते, नाहीतर डोळा नकळत हवे तेच पाहतो.

प्रश्न: एकाच धक्क्यानेही असे होते का?

होते, पण उशिरा. 2005 च्या प्रयोगात उंदरांना एकदाच, 2 तास जखडले. दुसऱ्या दिवशी अमिग्डालात फरक दिसला नाही. 10 दिवसांनी मात्र फांद्यांवरचे बारीक काटे, म्हणजे जिथे दुसऱ्या पेशी जोडल्या जातात त्या जागा, वाढलेले आढळले आणि प्राणी जास्त घाबरट झाले होते. इथे फांद्यांची लांबी मात्र वाढली नव्हती. माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच आहे, कारण अपघात किंवा हल्ल्यानंतर माणसांतही त्रास कधीकधी आठवड्यांनी डोके वर काढतो. दुसऱ्या दिवशी ‘मी बरा आहे’ म्हणणाऱ्याची पुन्हा चौकशी करावी, ती यासाठीच.

प्रश्न: उंदीर घाबरला आहे हे ठरवतात कसे?

बहुधा अधिक चिन्हाच्या आकाराच्या उंच चौथऱ्यावर. चार भुजा, प्रत्येक साधारण 50 सेंमी लांब आणि 10 सेंमी रुंद, जमिनीपासून 50 सेंमी वर. समोरासमोरच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या. उंदराला मध्यावर ठेवून 5 मिनिटे पाहतात. चारही पाय आत गेले तरच भुजेत शिरला असे धरतात. चिंतातुर उंदीर भिंतींच्या आडोशाला राहतो.

चुका इथेच होतात. आधीच्या उंदराचा वास पुसला नाही, तर पुढचा बिचकतो. तोच उंदीर दुसऱ्यांदा ठेवला, तर तो उघड्या भुजा एरवीही टाळतो. एकूण फेऱ्याच कमी असतील, तर उंदीर घाबरलेला नसून मरगळलेलाही असू शकतो, म्हणून बंद भुजांतल्या फेऱ्याही मोजायच्या. खोलीतला उजेड बदलला की आकडे बदलतात. 2014 साली तर पुरुष प्रयोगकर्त्याच्या वासानेही उंदरांत ताण निर्माण होतो असे दिसून आले. ताणाच्या संप्रेरकाची (हार्मोनची) मूळ पातळी हवी असेल, तर पिंजऱ्याला हात लावल्यापासून 3 मिनिटांच्या आत रक्त घ्यावे लागते. उशीर झाला की तुमच्या हाताळणीचाच ताण मोजला जातो.

प्रश्न: लाळेतले कॉर्टिसोल तपासून माझा ताण कळेल का?

एका आकड्यावरून नाही. कॉर्टिसोल हे माणसातले ताणाचे संप्रेरक जागे झाल्यावर अर्ध्या तासाच्या सुमारास चढते, दिवसभर उतरते आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते. त्यामुळे सकाळी 7 चा आणि 9 चा नमुना एकमेकांशी ताडून पाहता येत नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल, नुकतेच दात घासले असतील किंवा स्टेरॉइडचे मलम, इन्हेलर चालू असेल, तर आकडा फसवा येतो. रात्री उशिराचा नमुना कुशिंग्ज आजाराच्या, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल फार वाढण्याच्या आजाराच्या, निदानात उपयोगी पडतो. ‘मला ताण आहे का’ या प्रश्नाला तो उत्तर देत नाही.

प्रश्न: मग धक्क्यानंतर स्टेरॉइड घेतले तर?

स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसोलसारखेच काम करणारे औषध. ते स्वतःहून मुळीच घेऊ नका. चटर्जींच्या गटाने 2012 साली दाखवले की ताणाच्या प्रसंगाआधी उंदरांना ताणाचेच संप्रेरक दिले, तर उशिरा दिसणारे ते बदल टळतात. पण माणसाला अपघात कधी होणार हे आधी कळत नाही, आणि दीर्घकाळ जास्त कॉर्टिसोल हिप्पोकॅम्पसला घातकच असते. मात्रा आणि वेळ बदलली की हेच संप्रेरक उलटा परिणाम करते. धक्क्यानंतर महिन्याहून अधिक काळ दचकणे, तीच दृश्ये दिसणे, झोप उडणे चालू राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.