एवढं कशात बुडायचं असतं का?

या महिन्याच्या गठ्ठ्यात एकाच धाटणीची बरीच पत्रं निघाली. घरातलं कोणीतरी एखाद्या गोष्टीत असं काही शिरलंय की बाकीच्यांना कळेनासं झालंय, हे कौतुक करायचं की काळजी करायची. त्यातली तीन पत्रं घेतलीयेत, दोन नंबरच्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय, त्याचं कारण वाचताना कळेलच.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा आहे, पिंपरीत नोकरी करतो. मला दर काही महिन्यांनी एक वेड लागतं. आधी फाउंटन पेनं, मग मेकॅनिकल कीबोर्ड, आता रुबिक क्यूब. लागलं की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तेच, आणि मग एक दिवस अचानक हात लावावासाच वाटत नाही. क्यूब २२ सेकंदांत होतो, दोन महिने झाले त्याच्या खाली येत नाहीये. पीएलएल (शेवटच्या थराचे तुकडे जागेवर आणायच्या चाली) सगळे पाठ आहेत, ओएलएल (त्या थराचा वरचा रंग जुळवायच्या चाली) निम्मे झालेत. आई धरसोड्या म्हणते. माझ्यात काही खोट आहे का?

उत्तर : खोट वगैरे काही नाही रे. पेनं आणि कीबोर्ड सुटले त्याचं मनाला लावून घेऊ नकोस, काही गोष्टींची ओढ तेवढीच असते, आणि तू त्यात जे शिकलास ते कुठे जात नाही. पण क्यूबचं मला वेगळं वाटतंय, तू तो नक्की कुठे सोडतोयस ते बघ. २१ पीएलएल पाठ झाले, ५७ ओएलएलपैकी निम्मे झाले, म्हणजे इथपर्यंत रोज काहीतरी नवीन हाती लागत होतं आणि वेळही आपसूक कमी होत होता. आता ते थांबलंय. सब-२० ला, म्हणजे २० सेकंदांच्या आत जायला उरलेले ओएलएल पाठ करून फारसा फरक पडत नाही, तिथे अडतं ते एफटूएलमध्ये, म्हणजे पहिले दोन थर तुकड्यांच्या जोड्यांनी लावताना. एक जोडी बसवताना डोळ्यांनी पुढची जोडी हेरायची असते, ते होत नाही म्हणून प्रत्येक जोडीनंतर हात क्षणभर थांबतो, आणि ते चार थांबे म्हणजेच तुझे ते दोन-तीन सेकंद. यावर उपाय एकच, मुद्दाम हळू सोडवायचं पण कुठेही न थांबता, मेट्रोनोम लावून, एका ठोक्याला एक फिरव. फार कंटाळवाणं काम आहे आणि सुरुवातीला वेळ उलट वाढतो, पण चार आठवडे नेटाने कर. १९७४ मध्ये खुद्द एर्नो रुबिक यांनी हा ठोकळा बनवला तेव्हा त्यांना स्वतःचाच ठोकळा जागेवर आणायला महिनाभर लागला होता, तू तर २२ सेकंदांवर आहेस. चार आठवड्यांनी नकोसा वाटला तर खुशाल ठेवून दे, वेळ तुझा, पगार तुझा, कोणाचं काही घेणं लागत नाहीस. आणि आईला एकदा शेजारी बसवून पहिला थर लावायला शिकव.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे मिस्टर ४६ वर्षांचे, बँकेत आहेत. चार महिन्यांपासून मागच्या बाल्कनीत ड्रम ठेवून त्यावर काचेवर काच घासतात. दुर्बीण बनवायचीय म्हणे. सहा इंची काच आहे. रोज जेवण झालं की दोन तास, रविवारी दिवसभर. आता तर रात्री अकराला हॉलचे सगळे दिवे घालवून, पंखा बंद करून, दाढीचं ब्लेड घेऊन काचेसमोर बसतात, आम्ही कोणी हॉलमधून जायचं नाही. मागच्या महिन्यात आमच्या दहा वर्षांच्या मुलीने बाल्कनीतलं फडकं उचलून दुसऱ्या बादलीत टाकलं म्हणून तिच्यावर एवढे ओरडले की ती रात्रभर हुंदके देत होती. तिच्या गॅदरिंगलाही आले नाहीत. तयार दुर्बीण बाजारात मिळते ना हो? एका काचेपायी हे काय चाललंय आमच्या घरात? (नाशिक)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत मी स्वतः अशी एक काच घासलीय, त्यामुळे तुमच्या बाल्कनीत काय चाललंय ते मला डोळ्यांसमोर दिसतंय. आधी ते सांगते, मग मुलीचं बोलते, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे.

दोन सपाट काचा असतात. खालची ड्रमवर पक्की बसवायची, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची, म्हणजे काच झिजवणारी कडक पूड टाकायची, आणि वरची काच पुढे-मागे ढकलत ढकलत ड्रमभोवती फिरायचं, मध्येच काचही थोडी वळवायची. एवढंच करत राहिलं की वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. ती खोलगट काच म्हणजेच दुर्बिणीचा आरसा. ती खोली किती तर, सहा इंची काचेची फोकल लांबी (ताऱ्याचा प्रकाश आरशापासून जिथे एकवटतो तिथपर्यंतचं अंतर) ४८ इंच धरली तर मध्यभागी जेमतेम १.२ मिलिमीटर! ती झाली की पूड बदलायची, ८० नंबरची भरड पूड संपवून १२०, मग २२०, मग आणखी बारीक, प्रत्येक वेळी आधीच्या पुडीचे ओरखडे पुढच्या पुडीने घालवायचे. शेवटी डांबरासारख्या पिचवर सिरियम ऑक्साइड लावून पॉलिश.

आता फडक्याचं. पॉलिशच्या पायरीवर असताना ८० नंबरचा एक कण, अक्षरशः एकच कण, फडक्यावरून किंवा बादलीतून आत आला तर काचेवर असा ओरखडा पडतो की दोन-तीन पायऱ्या मागे जावं लागतं. चार महिन्यांतले दीड महिने पाण्यात. म्हणून प्रत्येक पुडीची बादली वेगळी, फडकं वेगळं, काहीजण तर कपडेसुद्धा वेगळे ठेवतात. तुमच्या मिस्टरांच्या पोटात तेव्हा गोळा आला असणार हे मला कळतं. पण ताई, हे त्या दहा वर्षांच्या मुलीला कोणी सांगितलं होतं का? बादल्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या का? चूक पूर्णपणे त्यांची आहे, आणि त्यांनी मुलीची माफी मागायला हवी, "बाळा, माझं चुकलं" एवढ्या साध्या शब्दांत. हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

रात्रीच्या अंधाराचंही कारण आहे. ती फुको या फ्रेंच शास्त्रज्ञांची चाचणी, १८५८ पासून चालत आलेली. आरशापासून फोकल लांबीच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे तुमच्याकडे सुमारे आठ फुटांवर, बारीक दिवा ठेवायचा आणि परत येणारा प्रकाश ब्लेडच्या धारेने हळूच कापत काचेकडे बघायचं. मग त्या गुळगुळीत काचेवरचे उंचवटे नि खड्डे सावल्यांसारखे दिसायला लागतात, आणि ते कितीचे, तर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासचे, केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट लहान. घरातल्या घरात, हाताने, ब्लेड घेऊन! पंख्याच्या वाऱ्याने चित्र डचमळतं, कोणी मधून गेलं तरी अंगाच्या उबेने हवा हलते, म्हणून तुम्हाला येऊ देत नाहीत. तयार दुर्बीण मिळते, हो, पण हे बघायला मिळत नाही ना.

आणि आता तुम्ही एक करा. पुढच्या वेळी दिवे घालवले की मुलीला घेऊन हॉलमध्ये जा आणि त्यांना म्हणा, हिला दाखवा. मुलीला काचेवर अंगठा टेकवून मनात दहापर्यंत मोजायला सांगा, मग ब्लेडमागून बघू दे. अंगठ्याच्या उबेने काच तेवढ्याच जागी फुगलेली असते, टेकडीसारखी, आणि मग ती टेकडी हळूहळू बसत जाताना दिसते. काचेवर अजून ॲल्युमिनियमचा मुलामा चढलेला नाही, त्यामुळे बोट लागून काही बिघडत नाही, पुसलं की झालं. माझ्या अंगठ्याने काच फुगली हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बोलायलाच सुचेना, ते आजही आठवलं की अंगावर काटा येतो. ज्या काचेपायी ती रडली त्या काचेवर तिची टेकडी एकदा तरी उमटू दे.

गॅदरिंगचं मात्र मी काहीही समजून घेणार नाही. आरसा दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो, गॅदरिंग नसतं. वार ठरवून घ्या, आठवड्यातले तीन दिवस आणि रविवारची सकाळ त्यांची, बाकी घराचं, आणि ते कॅलेंडरवर लिहा.

अजून एक सांगायचंय. विल्यम हर्षेल नावाचे एक संगीतकार इंग्लंडमध्ये बाथ गावात राहायचे, त्यांना असाच आरशांचा नाद लागला आणि स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतूनच त्यांनी १३ मार्च १७८१ ला युरेनस शोधला. आरसा पॉलिश करताना एकदा सोळा तास त्यांनी हात काढला नाही, तेव्हा बहीण कॅरोलाइन त्यांना घास भरवत होती, वाचून दाखवत होती. ही गोष्ट हर्षेल यांचं कौतुक म्हणून सांगतात, पण मला नेहमी कॅरोलाइनच आठवते. ती चांगली गायची, गायिका म्हणून पुढे येत होती, आणि भावाच्या दुर्बिणीपायी तिचं गाणं मागे पडलं. पुढे तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले, राजाकडून तिला पगार सुरू झाला, मोठं नाव झालं, सगळं खरं. पण गाणं गेलं ते गेलंच. तुमच्या अख्ख्या पत्रात मिस्टरांची बादली आहे, ब्लेड आहे, मुलीचं गॅदरिंग आहे, तुमच्या स्वतःच्या आवडीची एक ओळ नाही. कॅलेंडरवर वार लिहाल तेव्हा तुमचेही दोन वार लिहा, आणि त्या वारी जेवण त्यांनी बघायचं. कशासाठी ते मला विचारू नका, तुम्हाला ठाऊक असेल.

त्यांना एकट्याने घासत बसण्याचा कंटाळा येत असेल तर माणसंही आहेत. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वांगणीला होतात. तिथे घरच्यांना घेऊन जाता येतं. सहा इंची आरसा नीट झाला की शनीची कडी स्वच्छ दिसतात, हवा शांत असेल तर कड्यांमधली काळी फटसुद्धा. पहिला डोळा मुलीचा.

प्रश्न : ताई, मुलगा आठवीत आहे. आम्ही बदलापूरला राहतो. त्याला रेल्वे सोडून काही सुचत नाही. वहीत इंजिनांचे नंबर लिहितो, तीन वह्या भरल्यात. शाळेतून धावत येऊन "आई, आज ऑफलिंक आलं!" म्हणतो, मला ओ की ठो कळत नाही, मी हो हो करते. वर्गातली मुलं चिडवतात. मध्यंतरी फोटोसाठी रुळांजवळ उभा राहिला म्हणून माझ्या हातचा मार खाल्ला. वह्या काढून घ्याव्यात का? पुढच्या वर्षी नववी आहे.

उत्तर : नाही. वह्यांना हात लावू नका, कळकळीने सांगते.

माझा धाकटा भाऊ अगदी असाच होता. आमचं घर पुण्याच्या लाइनीला होतं, ऐंशीच्या दशकातली गोष्ट, तो डेक्कन क्वीनला कुठलं इंजिन लागलंय ते रोज लिहायचा. तेव्हा मुंबईकडे १५०० व्होल्ट डीसीची तार होती आणि त्यावर चालणारी इंजिनंच वेगळी. त्यातलं डब्ल्यूसीएम-५ त्याचं फार लाडकं, चित्तरंजनच्या कारखान्यात १९६१ मध्ये त्यातलं पहिलं बनलं आणि त्याला नाव दिलं होतं 'लोकमान्य'. भाऊ सातवीत असताना गणिताच्या तासाला शिक्षकांनी ती वही पकडली आणि सगळ्या वर्गासमोर फाडली. घरी येऊन तो काहीच बोलला नाही. मी तेव्हा हसले होते, त्याची मला आजही लाज वाटते. त्याने परत वही घातली नाही. आता तिथे २५,००० व्होल्ट एसी आलंय, ती डीसी इंजिनं भंगारात गेली, आणि कुठल्या दिवशी कुठलं इंजिन डेक्कन क्वीनला होतं हे सांगणारी आमच्या घरातली ती वही नाहीये.

ऑफलिंक म्हणजे काय ते ऐका. प्रत्येक गाडीला कुठल्या शेडचं (इंजिनांची देखभाल होते ती जागा) इंजिन लावायचं हे ठरलेलं असतं, त्याला लिंक म्हणतात. शेडचं नाव इंजिनावर रंगवलेलं असतं. एखाद्या दिवशी भलत्याच शेडचं इंजिन आलं की ते ऑफलिंक, आणि नाद असलेल्या पोराला तो दिवस दिवाळीसारखा. आज त्याला एवढंच विचारा, "कुठल्या शेडचं होतं रे? मग आपलं नेहमीचं कुठे गेलं?" आणि डब्ल्यूएपी-७ या इंजिनाच्या नावातलं एकेक अक्षर काय ते विचारा. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे पॅसेंजर, सात हा मॉडेलचा आकडा. तुम्हाला आता माहितीये, पण त्यालाच सांगू द्या.

रुळांच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे, तिथे एक पैशाची सूट नको. मार नको, नियम करा : फोटो फक्त प्लॅटफॉर्मवरून, पिवळ्या रेघेच्या मागून, सेल्फी स्टिक नाही, फूटब्रिजवरून तारेच्या दिशेने हात नाही. २५,००० व्होल्टच्या तारेला चिकटावं लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी ती ओढते. नियम मोडला तर महिनाभर स्टेशन बंद, आणि ते खरंच बंद करायचं. एवढी इंजिनं ओळखणाऱ्या मुलाला हे पटतं.

अभ्यासाचं, तर नववीचं वेळापत्रक त्यालाच आखायला लावा, ज्याला गाड्यांचं पाठ आहे त्याला स्वतःचं जमतं. चिडवणाऱ्या मुलांवर मात्र माझ्याकडे जालीम उपाय नाही. त्याच्यासारखी अजून दोन पोरं भेटली की चिडवणं बोथट होतं एवढं बघितलंय. सुट्टीत पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवून आणा, एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं, १९९८ पासून लोकांना खुलं आहे.

आणि एका रविवारी त्याला घेऊन कर्जतला जा, बदलापूरहून लोकलने फार लांब नाही. पुण्याकडच्या गाड्यांना तिथे घाट चढायला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लागतात, कर्जत-लोणावळा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फुटांमागे एक फूट वर, पुढच्या एकट्या इंजिनाच्या जिवावर सोडत नाहीत. प्लॅटफॉर्मवर वडापाव घेऊन गाडीच्या शेपटीकडे उभे राहा आणि बँकर येऊन टेकताना डब्यांतून जो धक्का पुढे जातो तो ऐका. त्याने नंबर लिहिले की मला पत्रातून कळवा, शेडच्या नावासकट. माझ्या भावाला वाचून दाखवायचेत.