भाचीचे बुडबुडे आणि मामांचं लाइट बिल

प्रश्न : माझी भाची एमएस्सी फिजिक्सला आहे, सध्या आमच्याकडेच राहते. प्रोजेक्ट काय, तर म्हणे विषुववृत्तावरच्या आयनोस्फिअरमधल्या (हवेचा फार उंचावरचा थर) प्लाझ्मा टर्ब्युलन्सचं, म्हणजे खळबळीचं, कॉम्प्युटरवर सिम्युलेशन. रात्रभर लॅपटॉपचा पंखा घरघरतो आणि लाइट बिल मी भरतो. विचारलं की म्हणते, मामा, बुडबुडे वर चढतायत. एवढ्या उंचीवर कसले बुडबुडे? आणि खरं आभाळ आहे, रडार आहेत, मग कॉम्प्युटरवर खोटं आभाळ कशाला?
– एक मामा, मुलुंड

उत्तर : मामा, बुडबुडे खरे आहेत हो. वाटीत तेल ठेवून वरून पाणी ओतलं की तेल वर उसळतं ना, तसंच काहीसं. दिवसा ऊन हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे करतं, अशी चार्ज झालेली हवा म्हणजेच प्लाझ्मा. सूर्य मावळला की खालच्या दाट हवेतला प्लाझ्मा भराभर विरतो, वरचा टिकतो, शिवाय संध्याकाळी अख्खा थरच वर उचलला जातो, म्हणजे वर जड आणि खाली हलकं. त्यात कुठे बारीकशी सुरकुती पडली की तिच्या दोन बाजूंना विरुद्ध चार्ज साठतात आणि त्यांचं विद्युत क्षेत्र त्या सुरकुतीलाच आणखी वर ढकलतं. हाच बुडबुडा.

आपल्याकडे चुंबकीय विषुववृत्त (जिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात) तिरुनेलवेलीजवळून जातं, मुंबई त्याच्या बरीच उत्तरेला. पण तिथला बुडबुडा 700 किमीच्या आसपास चढला की चुंबकीय रेषांवरून घसरत आपल्या डोक्यावर 300 किमीवर येतो आणि रात्री जीपीएसचा सिग्नल लुकलुकायला लागतो.

आता रडारचं. पेरू देशातलं जिकामार्काचं रडार 50 मेगाहर्ट्झवर चालतं, त्याला प्लाझ्मातल्या साधारण 3 मीटरच्याच लाटा दिसतात. जीपीएसला त्रास देतात त्या काहीशे मीटरच्या, आणि बुडबुडा स्वतः शेकडो किमी उंच. प्रत्येक यंत्राला हत्तीचा एकेक पाय दिसतो म्हणा.

म्हणून गणित. समजा भाचीने आभाळाचा 200 बाय 500 किमीचा उभा काप घेतला आणि 1 किमीचे चौकोन पाडले, झाले 1 लाख. बुडबुडा सेकंदाला 500 मीटर चढतोय, एका पावलात (म्हणजे हिशोबाच्या एका टप्प्यात) त्याने चौकोन ओलांडायचा नाही, म्हणजे पाऊल फार तर 2 सेकंदांचं, दोन तासांची 3600 पावलं, आणि प्रत्येक पावलाला अख्ख्या कापाचं विद्युत क्षेत्र नव्याने सोडवायचं. पण 1 किमीच्या चौकोनात जीपीएसवाली लाट दिसणारच नाही, म्हणून 100 मीटरचे घेतले तर चौकोन 1 कोटी, पावलं दसपट, काम हजारपट. लॅपटॉप घरघरणारच! (आणि हा नुसता सपाट काप बरं का, तिसरी दिशा अजून धरलीच नाही.)

स्कॅनापिएको आणि ओसाकोव्ह या शास्त्रज्ञांनी 1976 मध्ये असे बुडबुडे कॉम्प्युटरवर वर चढवून दाखवले होते. खोट्या आभाळाचा फायदा एकच, पण मोठा : खरा सूर्यास्त दिवसातून एकदा होतो, इथे तोच सूर्यास्त शंभरदा करता येतो, एकदा वारा बंद ठेवून, एकदा थर 50 किमी खाली ठेवून. आज रात्री बुडबुडा येईल की नाही हे मात्र अजून कुणाला छातीठोक सांगता येत नाही, कारण सगळं त्या पहिल्या सुरकुतीवर अडतं आणि सिम्युलेशनमध्ये ती बहुतेक वेळा आपणच हाताने घालतो. भाचीला जेवताना सहज विचारून बघा, तुझी पहिली सुरकुती किती मोठी घेतलीस आणि का? उत्तर लांबेल, भात गार होईल, तयारी ठेवा.