उतारावरच्या हद्दीची भिंत : खर्च कोणी किती उचलायचा?

प्रश्न : आमचा प्लॉट खाली, शेजाऱ्यांचा वर. मधल्या उतारावर दोन मीटर उंच आधारभिंत बांधायची आहे. ते अर्धा-अर्धा खर्च म्हणतात. योग्य आहे का?

उत्तर : आधी मूळ उतार कोणी बदलला ते बघा. तुम्ही घरासाठी खोदलंत तर त्यांची माती धरून ठेवणं तुमच्याकडे येतं. त्यांनी भराव टाकला तर त्यांच्याकडे. दोघांनीही केलं असेल, तर लेव्हल (जमिनीच्या उंचीची मोजणी) घेऊन हद्दीवरची मूळ जमिनीची रेषा नक्की करा. समजा खोदाई १.२ मीटर आणि भराव ०.८ मीटर निघाला. म्हणून लगेच ६०:४० करू नका. मातीचा रेटा उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढतो, १.२ ची भिंत २ मीटर केली की रेटा जवळपास पावणेतीनपट होतो, पाया आणि सळई त्याप्रमाणे. कोटेशनं दोन घ्या: १.२ मीटरचं आणि २ मीटरचं. पहिलं तुमचं, फरक त्यांचा. भांडण इथेच मिटतं, बहुधा.

भिंती पडतात त्या बहुतेक मागे साचलेल्या पाण्याने. मागे ३०० मिमी खडीचा थर, मातीच्या बाजूने जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), आणि दीड-दीड मीटरवर भिंतीतून पाणी बाहेर काढणारे ७५ मिमीचे पाइप हवेतच. ते पाणी तुमच्या अंगणात येणार, तेव्हा पायथ्याच्या गटाराचा खर्चही वाटणीत धरा.

करार लेखी हवा: पाया कोणाच्या हद्दीत, दुरुस्ती कोणाची, आणि वरच्या कडेपासून दोन मीटरच्या आत टाकी किंवा गाडी नाही.