मानेच्या डिस्टोनियाला इंजेक्शन की गोळ्या?

तुमच्या आईंची मान आपोआप उजवीकडे वळते, सर्व्हायकल डिस्टोनिया निघालाय, इंजेक्शन महाग पडतं म्हणून गोळ्यांवर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. मला हेच दुखणं सहा वर्षांपासून आहे. पैशांची कशीही जुळणी होत असेल तर इंजेक्शनच द्या.

मी सोलापुरात टॉवेलच्या कडा शिवते. मशीनवर बसलं की मान डावीकडे ओढली जायची. हनुवटीला नुसतं बोट टेकवलं की तेवढ्यापुरती सरळ व्हायची. मणक्याची झीज समजून वर्षभर गळ्यात पट्टा घातला, वजन लावून मान ताणून घेतली. शेवटी एका न्यूरोलॉजिस्टने ही बोटाची खूण विचारली, तेव्हा कुठे रोगाचं नाव कळलं.

आधी मी गोळ्याच घेतल्या, ट्रायहेक्सीफेनिडिल, म्हणजे पॅसिटेन. पाच महिने, हळूहळू डोस वाढवत. ओढ थोडी कमी झाली. पण तोंड इतकं कोरडं पडायचं की ओठ दातांना चिकटायचे, सुईचं नेढं धूसर दिसायचं आणि टॉवेल मोजताना सातव्या-आठव्याला आकडाच विसरायचा. गोळी काही फक्त मानेत जात नाही. मेंदू, डोळे, आतडी, सगळीकडे तिचा परिणाम होतो. वय जास्त असेल तर विसराळूपणा आणि गोंधळ वाढतो, लघवीही अडकू शकते. आईंना काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. क्लोनाझेपाम, बॅक्लोफेनही काही जणांना देतात. मला त्यांनी फक्त झोप आली.

इंजेक्शन म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा आकुंचनाचा निरोप ते तिथल्या तिथे अडवतं. नेदरलँड्समध्ये ६६ रुग्णांवर हे इंजेक्शन आणि ट्रायहेक्सीफेनिडिलच्या गोळ्या यांची तुलना झाली, १९९६ साली ती प्रसिद्ध झाली. कोणाला खरं औषध कशातून मिळतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. १२ आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांना जास्त गुण आला होता, त्रासही कमी होता.

खरी मेख सुई कुठे टोचायची यात आहे. माझी मान डावीकडे वळते, पण पुढून ओढणारा स्नायू उजवीकडचा, कानामागून गळ्याच्या हाडाकडे उतरणारा. मागचा मात्र डावीकडचा. म्हणून डिस्टोनियाला नेहमी इंजेक्शन देणारे डॉक्टर शोधा, ते ईएमजी (स्नायूतली विजेची हालचाल दाखवणारं यंत्र) किंवा सोनोग्राफीवर स्नायू बघून टोचतात का विचारा. बोटॉक्स आणि डिस्पोर्ट ही याच औषधाची वेगवेगळ्या कंपन्यांची नावं, पण त्यांची युनिटं सारखी नसतात, त्यामुळे कंपनी बदलली तर डोसबद्दल नीट विचारून घ्या.

पहिल्या वेळी मला आठवड्याभराने फरक जाणवला, पण पंधरा दिवस घास उतरेना. आपली कडक भाकरी आमटीत पार भिजवून खाल्ली. आईंना घास अडकू लागला तर डॉक्टरांना लगेच कळवा, आणि श्वास घ्यायला जड गेलं तर थेट दवाखाना गाठा. गुण साधारण तीन महिने टिकतो. त्याआधी पुन्हा टोचून घ्यायची घाई नको, शरीरात औषधाला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. म्हणजे खर्च वर्षाला चार वेळचा धरा.

सध्या गोळ्या चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तशा उतरवा. आणि पहिल्या इंजेक्शनला हवा तसा गुण आला नाही तर सोडून देऊ नका. माझे स्नायू आणि डोस दुसऱ्या वेळी बदलले, तेव्हा बोट न लावता कामाची अख्खी पाळी शिवता आली.