कमी केलेलं वजन परत आलं, तर बॅरिॲट्रिक सर्जरीचा विचार करावा का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३६, उंची ५ फूट ३ इंच, ९८ किलोवरून ७१ वर आलात आणि दोन वर्षांत पुन्हा ९४. बीपीची गोळी सुरू आहे, पीसीओडी आहे, दुसऱ्या बाळाचा विचार आहे, रात्री घोरता म्हणून मिस्टर तक्रार करतात. डॉक्टरांनी बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर करतात त्या सर्जरीचं नाव काढलं आणि घरचे म्हणाले, एकदा जमलं होतं ना, मग आता जिद्द कुठे गेली? तुम्ही विचारलंय, सर्जरी म्हणजे हार मानणं आहे का.

नाही. मी नाशिकचीच, आता ४७ वर्षांची, पतसंस्थेत कॅशियर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये माझी गॅस्ट्रिक बायपास झाली, याच सर्जरीचा एक प्रकार. त्याआधी तुमच्यासारखंच वजन उतरवून ते परत चढताना पाहिलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१७ मध्ये मी १०४ किलो होते, उंची ५ फूट २. चौदा महिन्यांत ७६ वर आले. दिवसातून दोनदाच जेवायचं, साखर आणि भात बंद, आणि पहाटे साडेपाचला गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या. नातेवाईक भेटले की पहिलं वाक्य ठरलेलं, 'किती बारीक झालीस गं!' इंदिरानगरला आमच्या टेलरताईंकडे सोळा ब्लाउज घेऊन गेले. त्यांनी विचारलं, 'आतलं मार्जिन ठेवू का कापून टाकू?' मी म्हटलं, कापा, आता लागायचं नाही.

अडीच वर्षांनी मी १०१ किलोवर होते. भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ते सोळाही ब्लाउज पलंगावर काढले. एकही उसवून मोठा होईना, आत कापडच नव्हतं. कपाटाला टेकून फरशीवर बसून राहिले आणि मोठ्यानं रडले. वजन उतरताना बोलणारी माणसं ते चढताना एक शब्द बोलत नाहीत, नुसती बघतात. ते बघणं तुम्हालाही ठाऊक असणार.

मधल्या काळात वडिलांना अर्धांगवायू झाला होता, हॉस्पिटलच्या रात्री आणि टपरीवरचे वडे झाले होते, हे खरं. पण ते सावरल्यावर मी पुन्हा मोजून खात होते, तरी काटा वर सरकत होता आणि भूक पहिल्यापेक्षा जास्त लागत होती. मला वाटायचं मी स्वतःशीच खोटं बोलतेय.

याचं उत्तर मला सर्जरीआधीच्या तपासण्यांत मिळालं, आणि कुणीतरी ते आधी सांगायला हवं होतं. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तो अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. त्यातल्या बहुतेकांचं वजन परत आलं होतं, पण शरीर बसल्याजागी जाळत असलेली ऊर्जा अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिली होती. म्हणजे त्या वजनाच्या दुसऱ्या माणसाला चालेल तेवढं खाल्लं, तरी यांचं वजन वाढणार. २०११ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं की डाएटनं वजन उतरवल्यावर भूक वाढवणारं घ्रेलिन वर्षभरानंतरही चढलेलंच होतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं उतरलेली. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, आणि ते गेलेलं परत मिळवायच्या मागे लागतं. तुमच्या घरच्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा. २७ किलो उतरवणाऱ्या बाईला जिद्द नाही असं म्हणणं अन्याय आहे.

सर्जरी या भांडणात नेमकी इथेच हात घालते. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. घ्रेलिन मुख्यतः तयार होतं तो वरचा भागही त्यातच जातो. बायपासमध्ये वरच्या बाजूला ३० मिलीच्या आसपासची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जातं. पोट भरल्याचा निरोप लवकर आणि जोरात पोचतो, शुगरवरही त्याचा परिणाम होतो. मला जुनी ॲसिडिटी होती, घशाशी यायचं. स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो, म्हणून मला बायपास सुचवली. तुम्हाला असा त्रास असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. स्लीव्ह केली की काढलेलं जठर परत येत नाही, हेही डोक्यात ठेवा.

धोका आहेच. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी. चांगल्या केंद्रांत मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास, साधारण पित्ताशयाच्या ऑपरेशनइतकं. माझं दुर्बिणीतून झालं, तिसऱ्या दिवशी घरी आले. सासूबाई सोप्यावर बसून एवढंच म्हणाल्या, 'देवानं दिलेलं धड पोट कापून घेतलंस?' त्यांना भीती वाटत होती. पुढचे दोन महिने गाळलेलं वरण त्यांनीच करून दिलं.

पहिल्या आठवड्यात औषधाच्या बाटलीच्या झाकणानं पाणी प्यायचे. एक झाकण, मग थांबायचं, मग दुसरं. सकाळी आठला समोर ठेवलेला स्टीलचा पेला दुपारी दोनपर्यंत संपायचा. मग पातळ वरण, ताक, मग कुस्करलेलं पनीर, मऊ अंडं. सातव्या महिन्यात कॉलेज रोडला मैत्रिणींबरोबर मिसळ खाल्ली: तर्री बाजूला ठेवून मटकीचे तीन चमचे आणि दही, पाव नाही. चौथा चमचा घेतला आणि छातीत दगड अडकल्यासारखं झालं, उठून बाहेर उभी राहिले. जेवताना पाणी चालत नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबावं लागतं. घाईत खाल्लं तर उलटी. बायपासवाल्यांनी गोड जास्त खाल्लं तर घाम, धडधड, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले, नंतर आले. आठव्या महिन्यात पित्ताशयात खडे झाले, ते वेगळं ऑपरेशन. वजन भराभर उतरलं की खडे होण्याची शक्यता वाढते, त्यासाठी आधीपासून गोळी देतात का हे विचारा.

वजन दीड वर्षांत ६४ झालं. आज ६९ आहे. तीन महिन्यांची शुगर ८.४ होती, आता गोळीशिवाय ५.८. दर नवरात्रात सप्तशृंगी गडावर ट्रॉलीनं जायचे, २०२३ पासून पायऱ्यांनी जाते. पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, मध्ये दोनदा बसते.

पण ते वाढलेले पाच किलो कुठून आले ते सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे. चिवड्यातून. छोट्या पिशवीत पोळी-भाजी अडते, चिवडा अडत नाही. कोरडा, कुरकुरीत, मूठभर आत्ता, मूठभर तासानं, काउंटरच्या खणात पुडा ठेवलेला. सर्जरी एका बैठकीतलं जेवण कमी करते, दिवसभराचं चरणं ती थांबवत नाही. म्हणून सर्जनकडे जाण्याआधी एक काम करा: गेल्या दोन वर्षांत वजन कसं चढलं ते महिन्यागणिक लिहून काढा. त्या वेळी घरात काय चाललं होतं, झोप किती होती, कुठली औषधं नव्यानं सुरू झाली (स्टेरॉइड आणि मानसोपचारातल्या काही गोळ्या वजन वाढवतात), थायरॉइड कधी तपासलं, रात्री सगळे झोपल्यावर उठून खाल्लंत का. हे शेवटचं असेल तर लाजू नका, समुपदेशकाशी आधी बोला, ऑपरेशन त्यानंतर. ते पोटाच्या शिवणीनं बरं होत नाही.

दुसरी चूक माझी मोठी. तब्येत इतकी छान वाटायला लागली की दुसऱ्या वर्षी गोळ्या बंद केल्या. बी-१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी या बायपासनंतर जन्मभराच्या असतात, मला हे लिहून दिलेलं होतं. आठ महिन्यांनी पायांना मुंग्या, जिना चढताना धाप, हिमोग्लोबिन ८.९. बी-१२ ची इंजेक्शनं घ्यावी लागली. आता लोहाची गोळी सकाळी, कॅल्शियम दुपारी आणि रात्री, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट लागत नाही. चहाही लोहाच्या आसपास नाही. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या मला बंद आहेत, त्यांनी पिशवी आतड्याला जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. दरवर्षी रक्त तपासणी.

म्हणून 'हिंमत आहे का' हा प्रश्न सोडा. स्वतःला असं विचारा: पुढची तीस वर्षं रोज गोळ्या, रोज ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि वर्षातून एकदा रक्त तपासणी, हे माझ्या घरात, माझ्या पगारात, माझ्या स्वयंपाकघरात जमेल का? याचं उत्तर हो असेल तर पुढे जा. नसेल तर जे आड येतंय ते आधी सोडवा.

आता तुमच्या आकड्यांबद्दल. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३६.७ येतो. १९९१ पासून चालत आलेला सर्जरीचा निकष ४०, किंवा सोबत आजार असेल तर ३५ असा होता. २०२२ मध्ये बॅरिॲट्रिक सर्जनांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो बदलला: ३५ पासून पुढे इतर आजार असो-नसो, आणि आपल्या आशियाई लोकांसाठी त्याहून खाली, २७.५ पासून. वैद्यकीयदृष्ट्या तुम्ही निकषात बसता. विम्याचं गणित वेगळं. विमा कंपन्यांचं नियमन करणाऱ्या आयआरडीएआयनं २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या शब्दांत ४० किंवा त्याहून जास्त बीएमआय, किंवा ३५ वा त्याहून जास्त आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेली शुगर लागते. नुसतं बीपी त्या यादीत नाही. तुम्ही घोरता, म्हणून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी, आधी करून घ्या. तो भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही लागेलच, आणि ॲप्निया तीव्र निघाला तर क्लेमला तोच कागद उपयोगी पडेल. पॉलिसीचा वेटिंग पिरियडही बघा. माझा एकूण खर्च पावणेचार लाख झाला, पण पुढच्या गोळ्या आणि तपासण्या खिशातूनच.

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांबद्दलही विचारलंत. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये. माझ्या वेळी हा पर्याय नव्हता. असता तर मी आधी तो करून पाहिला असता. पण वेगोव्हीतल्या औषधाच्या अभ्यासात ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे तेही दीर्घकाळ चालवायचं, आणि दर महिन्याला पैसे मोजायचे. गर्भारपणात ते चालत नाही, किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं.

बाळाचा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो. सर्जरीनंतर बारा ते अठरा महिने दिवस राहू द्यायचे नसतात. वजन उतरलं की पीसीओडीत पाळी नियमित होऊ लागते आणि नको त्या वेळी दिवस राहू शकतात. बायपासनंतर तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवू नका असं मला बजावलं होतं. आज ऑपरेशन केलं तरी प्रयत्न सुरू होईपर्यंत तुम्ही ३८ च्या व्हाल. याचं उत्तर सर्जन एकटे देऊ शकत नाहीत, स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी भेटा. सध्याची बीपीची गोळी गर्भारपणात चालणारी आहे का, हेही त्यांना त्याच भेटीत विचारा.

सर्जन निवडताना ते वर्षाला किती ऑपरेशनं करतात, सोबत आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक आहेत का, पाच वर्षांपूर्वीचे पेशंट अजून तपासणीला येतात का, एवढं विचारा. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी बारा मिनिटांत तारीख दिली होती. मी दुसरीकडे गेले, तिथे तपासण्यांना सहा आठवडे लागले, आणि ते योग्य झालं. मिस्टरांना त्या भेटीला बरोबर न्या. जिद्दीबद्दलचं त्यांचं म्हणणं त्यांनी डॉक्टरांसमोर बोलून दाखवावं आणि उत्तर स्वतःच्या कानांनी ऐकावं.

टेलरताईंकडे मी आजही जाते. मार्जिन ठेवायला सांगते, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच.

माझ्याकडे पहिल्या सहा आठवड्यांची वही आहे, कधी किती झाकणं, कुठलं वरण किती पातळ, सगळं सासूबाईंच्या अक्षरात. तारीख ठरली तर कळवा, पानांचे फोटो पाठवते. तुमच्या आहारतज्ज्ञांना दाखवून मगच वापरा.