‘नो डिस्क’ दिसलं म्हणून डीव्हीडी प्लेअर भंगारात देऊ नकोस

अरे, आधी आतली डिस्क वाचणारी लेन्स पुसून बघ. पंचवटीतल्या आमच्या घरी दुकानदाराने लेझर गेली म्हणून सांगितलं होतं. मी झाकण उघडलं तर लेन्सवर उदबत्तीच्या धुराचा पिवळसर, चिकट थर. देव्हारा शेजारीच होता ना! कापसाची इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओली केली, दाब न देता फिरवली, आणि डिस्क वाजली.

पुसूनही सीडी वाजते पण डीव्हीडी नाही, असं असेल तर मात्र लेझरवर संशय घे. सीडीला ७८० नॅनोमीटरची लेझर लागते, डीव्हीडीला ६५०ची. त्यातली एकच जाऊ शकते. चालू असताना लेन्समध्ये डोकावू नकोस, सीडीची लेझर डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही.

प्लेअर सुरूच होत नसेल तर पॉवर सप्लायमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबीसारखे भाग) बघ. एखाद्याचं डोकं फुगलेलं असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (त्यावर छापलेली क्षमता), १०५ डिग्री उष्णता सोसणारा टाकून घे. पण हे काम पहिल्यांदा माहीतगारासमोरच कर. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज उरलेली असू शकते. आणि प्लेअर तापणाऱ्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवला असशील तर आजच खाली उतरव, उष्णतेने कपॅसिटर लवकर जातात.