मधल्या वेळचं खाणं: सुरुवात कुठून करायची?

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. आधी फक्त संध्याकाळची भूक सांभाळा. दमणूक आणि भूक तेव्हाच एकत्र गाठतात. दुपारी नीट जेवला नसाल तर कितीही निश्चय करा, हात बिस्किटांकडेच जाणार. (माझे पहिले दोन महिने असेच गेले.)

- फळासोबत थोडे बदाम किंवा वाटीभर दही घ्या. प्रथिनं आणि तंतू पोटात गेले की लगेच भूक लागत नाही.
- पुड्यातून थेट खाऊ नका, वाटीत काढून घ्या. सुकामेवा चांगलाच, पण 30 ग्रॅम बदामांतही साधारण 170 कॅलरी असतात.
- गाळलेला रस म्हणजे फळ नव्हे.

डबा रात्रीच भरून ठेवा, सकाळच्या घाईत राहून जातो. ॲपवर कॅलरी मोजणं वगैरे सध्या नकोच.